दार आपटू नका, आधी उचलून बघा

प्रश्न थोडक्यात असा : नऊ वर्षांची हॅचबॅक आहे. डावीकडचं पुढचं दार दोन-तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही. कधी लागल्यासारखं दिसतं, पण डॅशबोर्डवरचा दाराचा लाल दिवा काही विझत नाही, आणि हायवेला त्या बाजूने वाऱ्याची शिट्टी येते. गॅरेजवाला म्हणतो लॉक पूर्ण बदला. मित्र म्हणतो पिलरवरचा, म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबावरचा, स्ट्रायकर आत सरकव, दार बाहेर आलंय. कोणाचं ऐकू?

आज तरी दोघांचंही नको. मी रत्नागिरी जिल्ह्यात बावीस वर्षं डेंटिंगचं काम करतोय. दार लागत नाही म्हणून येणाऱ्या गाड्यांत लॉक खरोखर मेलेलं असतं अशा थोड्याच. बाकीच्यांत लॉक नुसतं सुकलेलं असतं, नाहीतर दार बिजागरीवरून लोंबलेलं असतं आणि शिव्या लॉकला बसतात.

मित्राचा सल्ला तर तुमच्या बाबतीत उलटा पडेल. का, ते कळायला दार लागताना आत काय होतं ते बघावं लागेल.

दार उघडा आणि त्याची मागची उभी कड बघा. तिथे लॉकचं तोंड दिसेल, एक आडवी खाच. त्या खाचेत इंग्रजी यू अक्षरासारखा एक फिरणारा आकडा असतो. समोर पिलरवर जाड सळीची कडी बसवलेली असते, तो स्ट्रायकर. दार लोटलं की स्ट्रायकर खाचेत शिरतो, आकड्याला फिरवतो, आणि आकडा त्याला पोटात घेतो. आकडा मागे फिरू नये म्हणून आत एक छोटा खटका स्प्रिंगच्या जोरावर खाली पडतो. असे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार अर्धं लागतं, दुसऱ्यावर पूर्ण. बाहेरचं किंवा आतलं हँडल ओढलं की तो छोटा खटका उचलला जातो आणि आकडा सुटतो. इतकंच यंत्र आहे.

पहिला टप्पा दिलाय तो दार चुकून अर्धवट राहिलं तर एकदम उघडू नये म्हणून, गाडी तशीच चालवायला नव्हे. दारांच्या लॉकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २००४ साली जो जागतिक तांत्रिक नियम झाला, त्यात पूर्ण लागलेल्या लॉकने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन ओढ सोसली पाहिजे असं आहे, आणि अर्ध्या लागलेल्याने फक्त ४,५००. म्हणजे एकीकडे साधारण अकराशे किलो आणि दुसरीकडे साडेचारशे. तुमचा दिवा विझत नाही त्या वेळी तुमचं दार बहुधा या साडेचारशेवाल्या टप्प्यावर असतं. तोपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवू नका, लहान मुलाला तर नाहीच. मागे उजवीकडे बसवा.

आता मित्राचं म्हणणं. त्याला दार बाहेर आलेलं दिसलं, त्याचे डोळे बरोबर आहेत. पण पहिल्या टप्प्यावर थांबलेलं दार बाहेर दिसणारच. ते बाहेर आलंय कारण खटका दुसऱ्या टप्प्यावर पडलेला नाही. स्ट्रायकर आत सरकवला तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचायला दार आणखी आत दाबावं लागेल, म्हणजे आपटणं वाढेल. स्ट्रायकर आत घ्यायचा तो दार पूर्ण लागूनही ढिलं राहतं, खड्ड्यात खडखडतं तेव्हा. आपटावं लागतंय आणि एकदा लागलं की घट्ट बसतंय, तर तो उलट बाहेर घ्यायचा, तोही एखाद-दुसरा मिलिमीटर. आणि हे सगळं शेवटी. पहिल्यांदा स्ट्रायकरला हात लावणारा माणूस पुढच्या मेकॅनिकचं काम वाढवतो, कारण कंपनीने बसवलेली मूळ जागा एकदा हलली की पुढचा सगळा अंदाज बिघडतो.

सुरुवात अगदी बाळबोध गोष्टीने करा. सीट बेल्टचा धातूचा पत्रा दारात अडकत नाहीये ना? डाव्या सीटवर नेहमी कोणी नसतं, बेल्ट नीट गुंडाळला जात नाही, लोंबतो आणि दाराच्या खाली येतो. उंबऱ्याच्या पत्र्यावर किंवा दाराच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी खूण, रंग उडालेला दिसला तर हेच. दुसरं, ते जाड लेदरचे सेव्हन-डी मॅट घातले असतील तर त्यांची कड उंबऱ्यावर चढलीय का बघा. एकदा एक गृहस्थ दोन गॅरेज फिरून माझ्याकडे आले होते. मॅट काढून मागच्या सीटवर टाकला, दार एका बोटाने लागलं. पैसे काय घेणार, चहा पाजला त्यांनी.

मग काचेची चाचणी. चारही काचा वर करून दार लावा, मग एक काच पूर्ण खाली करून लावा. काच खाली असताना सहज लागत असेल तर आत कोंडलेली हवा तुम्हाला ढकलतेय. हवा बाहेर जायला मागच्या बंपरच्या आड रबरी पडद्यांची जाळी असते, ती डिकीतल्या सामानाने बुजते किंवा डेंटिंगच्या वेळी कोणीतरी टेप लावून विसरतो. थोडा फरक सगळ्याच गाड्यांत पडतो, त्याचं काही नाही.

आता लॉक. दार उघडं ठेवा. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने आकडा दार लागताना फिरतो तसा फिरवा. टक्. आणखी दाबा. टक्. दोन आवाज स्वच्छ, वेगळे यायला हवेत आणि दुसऱ्या आवाजानंतर आकडा तिथेच राहायला हवा. मग बाहेरचं हँडल ओढा, आकडा उडी मारल्यासारखा मोकळा झाला पाहिजे. आकडा मोकळा केल्याशिवाय दार लावायचं नाही. बंद आकड्यावर दार आपटलं तर स्ट्रायकर थेट लोखंडावर आदळतो आणि मग खरंच लॉक बदलावं लागतं. हे इतक्या जोरात सांगतोय कारण घरी करून बघणाऱ्यांपैकी निम्मे इथेच चुकतात.

आवाज एकच आला, किंवा दुसऱ्या टप्प्यावर आकडा थांबतच नाही, सोडला की परत येतो, तर छोटा खटका खाली पडत नाहीये. त्याची दोन कारणं. एक, आतलं ग्रीस सुकून डांबरासारखं झालंय. दुसरं, हँडल पूर्ण परत बसत नाहीये, म्हणजे कोणीतरी सतत हँडल किंचित ओढून धरल्यासारखी अवस्था. ओळखायचं कसं? बाहेरचं हँडल अंगठ्याने आत दाबून धरा आणि आकडा पुन्हा फिरवा. आता थांबला तर दोष हँडलचा, त्याच्या स्प्रिंगचा किंवा सळईचा. आतल्या हँडलची केबलही बघा. दाराचं आतलं आवरण (ट्रिम) काढून परत बसवताना केबलचं बाहेरचं कव्हर चुकीच्या खाचेत बसलं की ती कायम ताणलेली राहते. दोन्ही हँडलना ओढायला सुरुवात करताना थोडी मोकळी हालचाल हवी. पहिल्या क्षणापासूनच ताठ लागत असेल तर संशय घ्या. गाडीचं त्या बाजूचं रंगकाम अलीकडे झालं असेल तर हा संशय दुप्पट, कारण रंगासाठी हँडल काढलेलं असतं.

ग्रीस सुकलेलं असेल तर ते काम घरी होतं. आमच्याकडे लाल मातीची धूळ आणि चार महिने पाऊस, त्यामुळे लॉकमध्ये जे साठतं ते बघून लोक नाक मुरडतात. दाराखाली जुनं फडकं धरा. डब्ल्यूडी-४० किंवा तसला स्प्रे नळीने खाचेत, आकड्याच्या दोन्ही बाजूंना मारा, दहा मिनिटं थांबा. मग आकडा फिरवा, हँडल ओढा, फिरवा, ओढा. पंचवीस-तीस वेळा. पहिल्यांदा काळा रस गळेल, मग तपकिरी, मग स्वच्छ. रस स्वच्छ येईपर्यंत स्प्रे आणि फिरवणं चालू ठेवा. कार्बोरेटर क्लीनर वापरू नका. मळ झटकन निघतो खरा, पण तो रंग उतरवतो आणि लॉकमधले प्लास्टिकचे भाग खराब करतो.

पुष्कळजण इथेच थांबतात आणि महिन्याने परत येतात. तो स्प्रे मळ सोडवायला आहे, कायमचं वंगण म्हणून नाही. उडून गेला की लोखंड कोरडंच. पुसून, अर्धा तास वाळवून मग पांढरं लिथियम ग्रीस लावा, हातात आलं तर नळीवाला स्प्रे, नाहीतर डबीतलं जुन्या टूथब्रशने. आकड्यावर, स्ट्रायकरच्या सळीवर पुसट हात, आणि बिजागरीच्या पिनांवर. इंजिन ऑइल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि साडीला डाग पडतात, मग घरचं वेगळंच.

हे करून दोन टक् आवाज स्वच्छ यायला लागले आणि तरी दार आपटावंच लागतंय, तर लॉक निर्दोष आहे. मग शीर्षकात म्हटलंय ते करा.

दार अर्धं उघडा. मागच्या खालच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावा आणि हलकेच वर उचला, सोडा, उचला. जोर लावायचा नाही, दार किती सैल आहे ते हातांना कळू द्या. दुसऱ्या माणसाला पुढे बिजागऱ्यांशी टॉर्च घेऊन बसवा. वरची बिजागरी आधी बघायची. लोंबणाऱ्या दाराची ओढ तिच्यावर असते, खालचीवर दाब. पिन तिच्या भोकात हलताना दिसली, कट्-कट् आवाज आला, तर पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) झिजलेत. पिन स्थिर आहे आणि अख्खी बिजागरी पिलरवर सरकतेय, तर बोल्ट ढिले आहेत. बोल्टही घट्ट आहेत आणि बिजागरीखालचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतोय, तर पिलरला चीर गेलीय किंवा गंज आहे. तिथे घरचे उपाय संपले, वेल्डिंगवाल्या चांगल्या डेंटरकडे जा.

याचा एक साक्षीदार स्ट्रायकरवरही असतो. लोंबलेलं दार लागताना लॉकची खाच खाली आलेली असते, त्यामुळे खाचेचा वरचा ओठ स्ट्रायकरच्या वरच्या अंगाला घासतो. तिथे सळी आरशासारखी चमकते किंवा तिच्यावरचं प्लास्टिक सोललेलं असतं. दार लावताना शेवटच्या दोन इंचांत ते किंचित वर चढतं, उघडलं की धप्पकन खाली बसतं. हे डोळ्यांनी दिसत नसेल तर बाहेर मागच्या कडेवर आणि शेजारच्या दारावर एकच सरळ रेष येईल अशी मास्किंग टेप लावा आणि दार हळू उघडा-लावा. टेप किती उडी मारते ते कळेल. सळीवर खडू फासून दार एकदा लावलं तरी कुठे घासतंय ते उमटतं.

आणि आता एक खाजगी प्रश्न. डाव्या सीटवर घरातलं वडीलधारं कोणी बसतं का? उघड्या दारावर भार टाकून उठतं का? माझ्याकडे अशी एक गाडी दर दोन वर्षांनी यायची. तिसऱ्या वेळी त्यांच्या आईच गाडीत होत्या. मी दार उघडलं, त्यांनी काचेच्या चौकटीवर एक हात ठेवला, दाराच्या खिशाशी दुसरा, आणि "आई गं" म्हणत सगळं वजन दारावर टाकून उभ्या राहिल्या. बिजागऱ्यांनी केलेला आवाज मला ऐकू आला, त्यांना नाही. दाराचं स्वतःचं वजन काच, मोटर, ट्रिम धरून वीस-पंचवीस किलो, त्यात बिजागरीपासून मीटरभर लांब टोकावर माणसाचा भार. गुडघे दुखणाऱ्याला दारावर हात टाकू नका सांगून उपयोग नसतो, दुसरा आधार द्यावा लागतो. आम्ही छताच्या हँडलला एक मऊ पट्टा बांधून दिला. गाडी नंतर त्या कामासाठी आली नाही.

बोल्ट ढिले असतील तर काम सोपं आहे, पण एकट्याने नाही. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडाचा तुकडा, त्यावर फडकं. बिजागरीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून घ्या. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, जॅकने दार अगदी केसभर उचला, घट्ट करा, जॅक काढून लावून बघा. दोन्ही बिजागऱ्या एकदम सैल केल्यात तर दार कुठल्या कुठे जाईल आणि गॅप जुळवण्यात रविवार जाईल. गॅप बघायची ती उजव्या बाजूच्या दाराशी ताडून. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा स्वतःच्याच गाडीचं चांगलं दार हे खरं माप. शेजारच्या दाराशी पातळी जुळवताना एक लक्षात ठेवा : मागच्या दाराची पुढची कड पुढच्या दारापेक्षा बाहेर यायला नको, नाहीतर वारा तिच्यावर आपटतो आणि दार नीट लागूनही शिट्टी चालूच राहते.

पिन-बुश झिजले असतील तर बदला. काही गाड्यांत पिन वेगळी मिळते, काहींत अख्खी बिजागरी घ्यावी लागते. लेथवाला बुश करूनही देतो आणि चांगला लेथवाला असेल तर ते टिकतं. काही डेंटर बिजागरीत लाकडाचा तुकडा घालून दार दाबतात, किंवा खालून खांदा लावून दार वर चेपतात. बिजागरी वाकते, दार वर येतं, गिऱ्हाईक खूश. बिजागरी खरोखरच वाकलेली असेल तर हा उपाय चुकीचा नाही, मीही केलाय. पण पिन झिजलेली असताना हे केलं तर दार थोड्याच दिवसांत पुन्हा खाली येतं, आणि आता बिजागरीही वाकडी.

दार उचलून बघितलं आणि काही हलत नाही, लॉक स्वच्छ, तेव्हा स्ट्रायकर. बहुतेक गाड्यांत त्याला दोन स्टार स्क्रू असतात, बरेचदा टी-४० बिट लागतं. बिट नीट खोल बसवा, मागून हातोडीचा एक टोला द्या, मग फिरवा. वर्षानुवर्षं न हललेला स्क्रू असाच सुटतो, नाहीतर डोकं गोल होतं. त्याआधी स्ट्रायकरच्या भोवती बारीक मार्करने रेघ मारा. दोन्ही स्क्रू काढायचे नाहीत, फक्त इतके सैल करायचे की हातोडीच्या लाकडी दांड्याने टोला दिला तर स्ट्रायकर सरकेल.

काढायचे का नाहीत? काही गाड्यांत पिलरच्या आत या स्क्रूंची आट्यांची पट्टी नुसती तरंगती असते. शिकाऊ असताना मी दोन्ही स्क्रू मोठ्या उत्साहाने काढले. पिलरच्या आत खळ्ळ्-टिण् असा आवाज झाला. उस्ताद पलीकडे पुटिंग घासत होते, त्यांनी वर न बघताच विचारलं, "पडली?" मग लोहचुंबक दोरीला बांधून मी दुपारभर त्या पिलरमध्ये मासे पकडत बसलो.

सरकवताना एका वेळी एकाच दिशेला, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. सरकवा, एक स्क्रू घट्ट करा, दार आपटून नाही तर सावकाश लोटून बघा. वर-खाली आधी जुळवा, सळी खाचेच्या बरोबर मध्यात शिरली पाहिजे. आत-बाहेर त्यानंतर. बाहेर किती घ्यायचा याची मर्यादा बीडिंग, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, सांगते : दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. अडखळत, घासत निघाली तर ठीक. सरसर निघाली तर तिथून पावसाचं पाणी येणार. वरच्या कोपऱ्यात, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी बघा. बीडिंग नुकतंच नवीन टाकलं असेल आणि तेव्हापासून हा त्रास असेल तर मात्र काहीच हलवू नका. बाजारातलं बीडिंग बरेचदा मूळच्यापेक्षा जाड असतं. थोडे दिवस दार रात्रभर पूर्ण बंद राहू द्या, दबलं तर दबलं, नाही तर बीडिंग बदला.

गाडीला त्या बाजूने कधी ठोकर बसली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पिलर मोजून घ्या. सरकलेल्या पिलरवर स्ट्रायकर सरकवून दार लावता येतं, आणि नेमकं तसंच लावून गाड्या विकल्या जातात.

दिव्याचं एक राहिलं. दार घट्ट, आत बसलेलं, दोन्ही टक् आवाज झालेले आणि तरी दिवा चालू, तर तो स्विचचा दोष. जुन्या गाड्यांत पिलरवर रबरी टोपीचं बटण असतं, ते काढून गंज घासला की काम होतं. नव्या गाड्यांत स्विच लॉकच्या आतच असतो. मघाच्या साफसफाईत तो बरेचदा आपोआप सुधारतो. नाहीच सुधारला तर लॉक बदलण्याला पहिल्यांदा खरं कारण मिळालं म्हणायचं.

रस्त्यातच दार लागेनासं झालं तर आधी आकडा बघा. बहुतेक वेळा तो बंद स्थितीत अडकलेला असतो आणि म्हणूनच दार आदळून परत येतं. बाहेरचं हँडल ओढून धरा, तसंच धरून स्क्रू ड्रायव्हरने किंवा किल्लीच्या मागच्या टोकाने आकडा मोकळ्या बाजूला ढकला. सुटला की दार लागेल. नाहीच सुटला तर दाराचं आतलं हँडल सीटच्या लोखंडाला दोरीने बांधा, ती सीट रिकामी ठेवा आणि सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा.

आणि सगळं करून लॉक बदलायचंच ठरलं, तर डावं-उजवं वेगळं असतं आणि सेंट्रल लॉकच्या वायरींची संख्याही मॉडेलच्या प्रकाराप्रमाणे बदलते, म्हणून जुनं काढून हातात घेऊनच दुकानात जा. काम गॅरेजला दिलं असेल तर जुनं लॉक परत मागून घ्या, आणि घरी आल्यावर त्याचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा.